राजापूरची चौतीस वर्षे

१९५७ ते १९९१ या चौतीस वर्षांत लोकसभेच्या आठ निवडणुका झाल्या आणि राजापूर मतदारसंघाने दिल्लीला दोनच माणसे पाठवली. पहिल्या तीन वेळा बॅरिस्टर नाथ पै, पुढच्या पाच वेळा प्राध्यापक मधु दंडवते. दोघेही समाजवादी. दोघांचा जन्म राजापुरातला नव्हे. नाथ पै वेंगुर्ल्याचे, दंडवते थेट अहमदनगरचे. दोघांकडे साखर कारखाना नव्हता, शिक्षणसंस्थांचे जाळे नव्हते, जातीची हुकमी मतपेढी नव्हती. या साऱ्या काळात दंडवते मंत्री म्हणून सत्तेच्या बाकांवर बसले ते दोन खेपांत मिळून जेमतेम सव्वातीन वर्षे. बाकीची जवळजवळ एकतीस वर्षे कोकणाचा हा पट्टा विरोधी बाकांवरून बोलत राहिला. मुंबईच्या गिरण्यांतून येणाऱ्या मनीऑर्डरींवर ज्यांचा संसार चालत होता, ज्यांच्या गावात रेल्वे नव्हती आणि पावसाळ्यात एसटी येईलच याची खात्री नव्हती, त्या मतदारांनी सत्तेत नसलेला खासदार इतका काळ का निवडला असेल आणि त्या निवडीतून देशाला काय मिळाले असेल, हे आज पाहण्यासारखे आहे. 'सत्तेत नसलेला खासदार काय कामाचा?' हा प्रश्न आता प्रत्येक निवडणुकीत उघडपणे विचारला जातो, आणि त्याचे उत्तर बहुतेकांनी आधीच ठरवून टाकलेले असते.

या मागोव्यातून माझ्या हाती जो निष्कर्ष येतो तो आधी मांडतो. संसदेचे खरे बळ बहुमताच्या आकड्यात नसते. एकट्यादुकट्या सदस्याला सरकारला उभे करून उत्तर द्यायला लावता येते की नाही, यावर ते ठरते. प्रश्नोत्तराचा तास, लक्षवेधी सूचना, अर्ध्या तासाची चर्चा, स्थगन प्रस्ताव, शुक्रवारचे खासगी विधेयक, संयुक्त समिती यांना आपण संसदीय आयुधे म्हणतो. राजापूरचे हे दोन सदस्य मोठे झाले ते बुद्धीने आणि चारित्र्याने हे खरेच. पण ती बुद्धी आणि ते चारित्र्य कामी आले, कारण त्यांच्या हाती ही आयुधे शाबूत होती. गेल्या चार दशकांत माणसे खुजी झाली अशी तक्रार आपण करत राहिलो. या काळात आयुधेच बोथट होत गेली, तिकडे मात्र आपले लक्ष गेले नाही.

नाथ पै १९५७ मध्ये संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत निवडून आले, हे मान्य केले पाहिजे. पण १९६२ मध्ये लाट ओसरली, महाराष्ट्रातल्या ४४ पैकी ४१ जागा काँग्रेसने जिंकल्या, तरी राजापूरने त्यांनाच पाठवले. म्हणजे लाटेने आणलेला माणूस लोकांनी नंतर पारखून ठेवून घेतला. त्यांच्या संसदीय कामातला सर्वांत महत्त्वाचा अध्याय १९६७ चा. त्या वर्षी फेब्रुवारीत गोलकनाथ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की मूलभूत हक्कांचा संकोच करणारी घटनादुरुस्ती करण्याचा अधिकार संसदेला नाही. नाथ पैंनी हा अधिकार संसदेला परत मिळावा म्हणून खासगी घटनादुरुस्ती विधेयक आणले. सरकारचे नव्हे, विरोधी बाकावरच्या एका सदस्याचे हे विधेयक. ते संयुक्त समितीकडे गेले, त्यावर वर्षानुवर्षे खल झाला, देशभरच्या कायदेपंडितांनी बाजू घेतल्या, आणि १९७० च्या डिसेंबरात लोकसभा विसर्जित झाल्यावर ते मंजूर न होताच संपले. जानेवारी १९७१ मध्ये बेळगावात हुतात्म्यांना अभिवादन करणाऱ्या सभेत भाषण करून आल्यावर नाथ पै गेले. त्यांचे वय पन्नाशीही गाठलेले नव्हते. त्याच वर्षी नोव्हेंबरात चोविसावी घटनादुरुस्ती अमलात आली आणि नाथ पैंनी मांडलेला मुद्दा सरकारने आपला म्हणून घटनेत लिहिला.

या प्रसंगाची दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे सांगितली पाहिजे. नाथ पैंचा संसदेवरचा विश्वास असा होता की लोकांनी निवडलेले सभागृह लोकांच्या हक्कांवर घाला घालणार नाही, असे त्यांनी गृहीत धरले होते. जमीनसुधारणेसारखे कायदे न्यायालयात अडकू नयेत ही त्यामागची तळमळ प्रामाणिक होती. पण संसदेला मिळालेला हा अधिकार पाचेक वर्षांतच बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीच्या कामी आला आणि त्या दुरुस्तीने लोकसभेची मुदतच पाचाची सहा वर्षे करून टाकली. १९७३ मध्ये केशवानंद भारती खटल्यात न्यायालयाने घटनेच्या मूलभूत चौकटीची मर्यादा घातली नसती, तर पुढचे चित्र अधिक भयावह झाले असते. तेव्हा संसदेचे सार्वभौमत्व म्हणजे बहुमताचे सार्वभौमत्व असे मानले की काय होते, याचा धडा राजापूरच्या पहिल्या खासदाराच्या श्रद्धेतून मिळतो आणि त्याची किंमत दुसऱ्या खासदाराला तुरुंगात मोजावी लागली. या चौतीस वर्षांची कथा सलग वाचायची ती याचसाठी.

दंडवते लोकसभेत पोहोचले ते १९७१ च्या 'गरिबी हटाओ'च्या महापुरात. महाराष्ट्रात ४५ पैकी ४२ जागा काँग्रेसच्या. प्रजासमाजवादी पक्षाचे साऱ्या देशातून दोन सदस्य आले; एक बंगालमधून समर गुहा आणि दुसरे दंडवते. सिद्धार्थ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवणारा, बेचाळीसच्या चळवळीतून आणि पंचावन्नच्या गोवा सत्याग्रहातून तावूनसुलाखून निघालेला हा माणूस पाचशेहून अधिक सदस्यांच्या सभागृहात दोघांच्या पक्षाचा प्रतिनिधी म्हणून बसला. आकड्यांच्या हिशेबाने त्याची किंमत शून्य. पण सभागृहाचे नियम आकड्यांवर चालत नव्हते. तारांकित प्रश्नांची सोडत पक्षाचे बळ पाहून निघत नाही. पूरक प्रश्न विचारताना मंत्र्याने दिलेले उत्तर आणि आधीच्या अधिवेशनात दिलेले उत्तर यांतली तफावत दाखवायला पाठीशी तीनशे सदस्य लागत नाहीत, ग्रंथालयात घालवलेल्या रात्री लागतात. लक्षवेधी सूचना हा प्रकार तर आपल्या संसदेने १९५४ पासून स्वतः घडवलेला. कालच्या घटनेवर आज मंत्र्याला निवेदन करायला लावण्याची ती सोय आहे.

या आयुधांत किती धार होती हे १९७४ च्या खासदार तुलमोहन राम यांच्या प्रकरणात दिसले. पाँडिचेरीच्या काही व्यापाऱ्यांना आयात परवाने मिळावेत म्हणून एकवीस खासदारांच्या सह्यांचे निवेदन मंत्रालयात गेले होते आणि त्यातल्या बहुतेक सह्या बनावट निघाल्या. मधु लिमयेंसारख्या विरोधी सदस्यांनी हे प्रकरण अधिवेशनभर लावून धरले. केंद्रीय अन्वेषण विभागाचा (सीबीआय) अहवाल सभागृहासमोर यावा यासाठी कामकाजाच्या नियमांतली प्रत्येक वाट चोखाळली गेली. सरकारजवळ दोन तृतीयांश बहुमत होते, तरी ते घायकुतीला आले. त्याच सुमारास मारुती कारखान्यासंबंधीच्या एका संसदीय प्रश्नाचे उत्तर तयार करण्यासाठी माहिती गोळा करणाऱ्या अधिकाऱ्यांना त्रास दिला गेला, हा आरोप पुढे १९७८ मध्ये हक्कभंगाच्या कारवाईचा विषय बनला. त्या कारवाईत इंदिरा गांधींचे सदस्यत्व रद्द करून त्यांना अधिवेशन संपेपर्यंत तुरुंगात धाडण्याचा जनता पक्षाचा निर्णय मला सूडाचा आणि चुकीचा वाटतो. निवडून दिलेल्या सदस्याला बहुमताच्या बळावर बाहेर काढणे हे आधीच्याच रोगाचे दुसरे लक्षण होते. पण एका प्रश्नाच्या उत्तराला त्या काळात किती वजन होते, एवढे तरी त्यातून कळते.

आयुधांची खरी किंमत सांगणारी साक्ष विरोधकांकडून येत नाही. ती आणीबाणीने दिली आहे. २६ जून १९७५ रोजी दंडवते, अटलबिहारी वाजपेयी, लालकृष्ण अडवाणी आणि श्यामनंदन मिश्र बंगळूरला होते, ते एका संसदीय समितीच्या कामासाठी. पक्षांतराला आळा घालणाऱ्या विधेयकाचा विचार ती समिती करत होती. तिथेच त्यांना अटक झाली. कायदा कसा करावा याचा विचार करायला बसलेले सदस्य विनाचौकशी स्थानबद्ध झाले. त्यानंतर जुलैत बोलावलेल्या अधिवेशनात सरकारने सर्वांत आधी काय बंद केले? प्रश्नोत्तराचा तास, लक्षवेधी सूचना आणि खासगी सदस्यांचे कामकाज. फक्त सरकारी कामकाज चालेल असा ठराव झाला. त्याच्या पाठोपाठ संसदेतल्या कामकाजाचे वृत्तांत छापण्याला संरक्षण देणारा कायदा रद्द झाला, आणि तो कायदा १९५६ मध्ये फिरोज गांधींच्या खासगी विधेयकातून आलेला होता. सरकारला विधेयके मंजूर करून घेण्याची चिंता नव्हती, बहुमत होतेच. भीती होती ती एकट्या सदस्याच्या प्रश्नाची आणि तो प्रश्न वर्तमानपत्रात छापून येण्याची. आयुधे निरुपयोगी असती तर ती काढून घेण्याची अशी घाई कोणी केली नसती.

तुरुंगातून त्या चौघांनी कर्नाटक उच्च न्यायालयात स्थानबद्धतेला आव्हान दिले आणि अशा याचिका ऐकून घेण्याचा अधिकार न्यायालयाला आहे असे उच्च न्यायालयाने मानले. देशातल्या आणखीही काही उच्च न्यायालयांनी तसेच म्हटले होते. एप्रिल १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे सारे निकाल फिरवले. त्या वेळी दंडवत्यांच्या पत्नी प्रमिला येरवड्याच्या तुरुंगात होत्या. संसद गप्प, न्यायालय पाठ फिरवून उभे, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर. या अनुभवातून १९७८ ची चव्वेचाळिसावी घटनादुरुस्ती आली. लोकसभेची मुदत पुन्हा पाच वर्षे झाली, आणीबाणीतही जीविताचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क स्थगित करता येणार नाही असे ठरले, आणि संसदेचे वृत्तांत छापण्याच्या हक्काला थेट घटनेत जागा मिळाली. दंडवते तेव्हा त्या मंत्रिमंडळात होते. नाथ पैंनी संसदेला अमर्याद अधिकार मागितला होता. त्यांच्या वारसदाराच्या सरकारने संसदेच्या बहुमताला मर्यादा घातली. यात मला विसंगती दिसत नाही. एकाच मतदारसंघाच्या संसदीय परंपरेने अनुभवातून केलेली ती सुधारणा आहे.

रेल्वेमंत्री म्हणून दंडवत्यांची अडीच वर्षांहूनही कमी कारकीर्द आज लोकांच्या लक्षात आहे ती दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर आलेल्या दोन इंच फोममुळे. डिसेंबर १९७७ मध्ये हावडा ते मुंबई धावू लागलेली गीतांजली एक्सप्रेस ही वर्गविरहित गाडीही त्यांचीच. मे १९७४ च्या रेल्वे संपात नोकरी गमावलेल्या कामगारांना परत घेण्याचा निर्णयही त्याच काळातला. या तिन्ही गोष्टींत एक सूत्र आहे. विरोधी बाकावर बसून सहा वर्षे त्यांनी ज्यांच्या वतीने प्रश्न विचारले, तीच माणसे मंत्री झाल्यावर त्यांच्यासमोर होती. दुसऱ्या वर्गाने रात्र काढणारा प्रवासी हा अर्थसंकल्पी भाषणातला आकडा नव्हता, तो होळीला आणि गणपतीला गावी जाणारा मतदार होता. आणि त्याच्या कोकणात तर गाडीच जात नव्हती. प्रश्न विचारण्याची लांब उमेदवारी केलेला माणूस सत्तेवर आला की कारभाराकडे कसा पाहतो, याचे हे उदाहरण आहे. प्रश्नोत्तराचा तास केवळ मंत्र्यांना शिस्त लावत नाही, उद्याचे मंत्रीही तिथेच घडतात.

१९८० मध्ये जनता पक्ष कोसळला, तरी राजापूरने दंडवत्यांना परत पाठवले, आणि प्रमिला दंडवते मुंबई उत्तर मध्यमधून त्याच लोकसभेत आल्या. हुंडाबळींच्या बातम्या त्या वर्षांत रोज छापून येत होत्या आणि १९६१ चा हुंडाबंदी कायदा कागदावर होता. प्रमिलाताईंनी त्यात दुरुस्ती सुचवणारे खासगी विधेयक आणले. प्रश्न संयुक्त समितीकडे गेला आणि १९८४ मध्ये सरकारी दुरुस्ती कायदा झाला. इथे एक आक्षेप घेतला जाईल. १९७० नंतर एकही खासगी विधेयक संसदेच्या दोन्ही सभागृहांत मंजूर होऊन कायदा झालेले नाही, मग या आयुधाचे एवढे कौतुक कशाला? आक्षेपातली वस्तुस्थिती खरी आहे, निष्कर्ष चुकीचा आहे. खासगी विधेयकाचे काम कायदा होणे हेच नसते. सरकारला ज्या विषयाकडे पाहायचे नसते तो विषय कामकाजपत्रिकेवर आणणे हे असते. नाथ पैंचे विधेयक संपले आणि चोविसावी दुरुस्ती आली. प्रमिलाताईंचे विधेयक सरकारी कायद्यात विरघळले. पक्षांतराचा प्रश्न १९६७ मध्ये एका खासगी सदस्याच्या ठरावानेच सभागृहात आला आणि त्यातून यशवंतराव चव्हाणांच्या अध्यक्षतेखालची समिती नेमली गेली. श्रेय सरकारने घेतले म्हणून काम वाया गेले असे होत नाही.

पक्षांतराचा उल्लेख आला, तर या साऱ्या काळातले निर्णायक वळण तिथेच आहे. ज्या विधेयकावर विचार करताना १९७५ मध्ये सदस्य पकडले गेले, ते बारगळले. पण जानेवारी १९८५ मध्ये, चारशेहून अधिक जागांच्या जोरावर, राजीव गांधींच्या सरकारने बावन्नावी घटनादुरुस्ती मांडली आणि आठवड्याभरात दोन्ही सभागृहांनी ती मंजूर केली. जो प्रश्न १९६७ पासून समित्यांमध्ये घोळत होता तो इतक्या झटपट सुटला. विरोधकांनीही पाठिंबा दिला, कारण 'आयाराम गयाराम'ची किळस सर्वांनाच आली होती. तेव्हा सभागृहाबाहेर असलेल्या मधु लिमयेंनी मात्र हा कायदा सदस्याची सद्सद्विवेकबुद्धी पक्षनेत्याच्या खिशात घालेल, अशा आशयाचा इशारा दिला. त्या इशाऱ्याचा अर्थ आज महाराष्ट्राला समजावून सांगण्याची गरज नाही. कायद्याने घाऊक पक्षांतर थांबले नाही, २०२२ आणि २०२३ मध्ये आपल्या विधानसभेने ते पुरेपूर पाहिले. थांबले ते एकट्या सदस्याचे वेगळे मत. विधेयक रस्त्यांविषयीचे असो की शेतीविषयीचे, व्हिप निघाला की मत देण्यापुरता सदस्य उरतो. मत आधीच ठरलेले असेल तर भाषण ऐकून कोणाचे मन वळणार, आणि मन वळणारच नसेल तर ग्रंथालयात रात्र कोण काढणार?

विरोधकांच्या हातूनही या काळात एक चूक घडली आणि ती नोंदवल्याशिवाय हा हिशेब पुरा होत नाही. १९८७ पासून बोफोर्स प्रकरण सभागृहात गाजत होते आणि त्यात दंडवते आघाडीवर होते. जुलै १९८९ मध्ये महालेखापरीक्षकांचा अहवाल आल्यावर विरोधी पक्षांच्या सदस्यांनी सामुदायिक राजीनामे दिले. राजकीयदृष्ट्या तो डाव यशस्वी ठरला. चारच महिन्यांनी सरकार गेले. पण सभागृह सोडून लोकांकडे जाणे हेच मोठे शस्त्र आहे, असा समज त्यातून बळावला. पुढच्या प्रत्येक विरोधी पक्षाने, मग तो कोणत्याही रंगाचा असो, कामकाज बंद पाडणे हा आपला हक्क मानला. बंद सभागृहात सरकारला प्रश्न विचारता येत नाहीत, विधेयके मात्र गोंधळातही मंजूर होतात. म्हणजे गोंधळाचा तोटा विरोधकांचा आणि फायदा सरकारचा.

डिसेंबर १९८९ मध्ये दंडवते अर्थमंत्री झाले. गावोगावच्या सोनारांच्या पोटावर पाय देणारा सुवर्ण नियंत्रण कायदा १९९० मध्ये त्यांच्या काळात रद्द झाला. जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री होते, आणि त्या वर्षी जुलैत कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले. केंद्राचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५, गोवा आणि केरळ प्रत्येकी ६ टक्के, बाकीचा पैसा कर्जरोख्यांतून, आणि उभारणी ई. श्रीधरन यांच्याकडे. सबंध मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी खुला झाला, तेव्हा दंडवते लोकसभेत नव्हते. १९९१ मध्ये राजापूरने त्यांना हरवले होते. इथे दुसरा आणि सर्वांत बोचरा आक्षेप येतो. नाथ पैंपासून मागणी होत असलेली रेल्वे यायला चार दशके लागली. सत्ताधारी खासदार दिला असता तर कोकणाचे भले लवकर झाले नसते का? याचे उत्तर शेजारीच सापडते. रत्नागिरी मतदारसंघाने १९६२, १९६७ आणि १९७१ अशा तीन निवडणुकांत सत्ताधारी काँग्रेसचे सदस्य पाठवले होते. रेल्वे त्यांच्या दारातही तेव्हा आली नाही. डोंगर, नद्या आणि तिजोरीचा अग्रक्रम यांनी कोकणाला मागे ठेवले. खासदाराच्या पक्षाने नव्हे. उलट मागणी सतत जिवंत ठेवणारा आणि संधी मिळताच ती तडीस नेणारा माणूस राजापूरनेच दिला.

१९९३ च्या डिसेंबरात खासदार स्थानिक विकास निधी सुरू झाला. आरंभी पाच लाख रुपये, लवकरच एक कोटी, १९९८ पासून दोन कोटी आणि २०११ पासून पाच कोटी. या निधीतून शाळांच्या खोल्या आणि गावचे पूल झाले हे नाकारता येत नाही. पण त्याने मतदाराची मोजपट्टी बदलली. सभामंडप, व्यायामशाळा, हायमास्ट दिवे यांवर खासदाराचे नाव येऊ लागले आणि त्याने सभागृहात किती प्रश्न विचारले हे कोणी विचारेनासे झाले. जे काम जिल्हा परिषदेचे आणि ग्रामपंचायतीचे, ते खासदाराचे मानले गेले. जे काम फक्त खासदारच करू शकतो, ते बेवारस राहिले. दंडवत्यांच्या वीस वर्षांत हा निधी नव्हता, आणि म्हणूनच त्यांचे मोल त्यांच्या सभागृहातल्या कामावर ठरत होते.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ती जुनी संसद वकील, प्राध्यापक आणि इंग्रजीत अस्खलित बोलणाऱ्यांची होती. तिच्याविषयीची ही हळहळ म्हणजे उच्चवर्णीय मध्यमवर्गाचे स्मरणरंजन नाही का? आक्षेपात तथ्य आहे. १९७१ च्या लोकसभेत महिला तीसही नव्हत्या, आज सत्तरहून अधिक आहेत. मागासवर्गीय समाजांचे प्रतिनिधित्व मंडलनंतर वाढले आणि ते लोकशाहीचे मोठे यश आहे. पण या यशामुळे माझा मुद्दा अधिकच निकडीचा होतो. ज्या समाजांना सभागृहात यायला चाळीस वर्षे लागली, ते आले तेव्हा तिथल्या सदस्याजवळ बोलायला वेळ, मत द्यायला मोकळीक आणि विचारायला तास उरला नव्हता. पहिल्या लोकसभेचे कामकाज वर्षाला सरासरी १३५ दिवस चालले. सतराव्या लोकसभेचे ५५ दिवस. २०२० च्या पावसाळी अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तासच नव्हता आणि त्या वर्षी हिवाळी अधिवेशन झालेच नाही. सतराव्या लोकसभेत पूर्ण पाच वर्षे उपाध्यक्ष निवडला गेला नाही. दार उघडले, पण आतला दिवाणखाना रिकामा करून. ही नव्याने आलेल्यांची फसवणूक आहे.

काही जण म्हणतील की सभागृहाचे काम आता समित्यांत होते. १९९३ मध्ये विभागवार स्थायी समित्या आल्या आणि त्यांनी चांगले काम केले, यात शंका नाही. पण विधेयके समित्यांकडे गेली तर. पंधराव्या लोकसभेत सुमारे ७१ टक्के विधेयके समित्यांकडे गेली होती. सतराव्या लोकसभेत हे प्रमाण १६ टक्क्यांवर आले. मार्च २०१८ मध्ये सर्व मंत्रालयांच्या अनुदानाच्या मागण्या चर्चेविना एकदम मंजूर झाल्या. देशाच्या तिजोरीवरची देखरेख हे लोकसभेचे पहिले काम, आणि तेच गिलोटिनखाली गेले. हा दोष एका पक्षाचा नाही. घसरण काँग्रेसच्या राजवटीत सुरू झाली आणि भाजपच्या राजवटीत तिने वेग घेतला. बहुमतातल्या प्रत्येक सरकारला कमी प्रश्न आवडतात.

उपाय नवे शोधायला नकोत, ते दंडवत्यांच्या काळातच कागदावर आलेले आहेत. ते अर्थमंत्री असताना, १९९० मध्ये, दिनेश गोस्वामी समितीने सुचवले होते की व्हिप मोडल्यामुळे सदस्यत्व जाणे हे विश्वास-अविश्वास ठराव, धनविधेयके आणि राष्ट्रपतींच्या अभिभाषणावरील आभारप्रस्ताव यांच्यापुरतेच ठेवावे. सरकारचे स्थैर्य त्याने राखले जाते आणि बाकी कायद्यांवर सदस्याला आपले मत मिळते. २००२ मध्ये घटना पुनर्विलोकन आयोगाने लोकसभेचे कामकाज वर्षाला किमान १२० दिवस चालावे अशी शिफारस केली. या दोन शिफारशी अमलात आणायला पैसा लागत नाही. प्रत्येक विधेयक समितीकडे जाणे बंधनकारक करायलाही लागत नाही. लागते ती सत्तेवर असताना स्वतःच्या हाताला बंधन घालून घेण्याची तयारी, जी १९७८ मध्ये एकदा दिसली होती, कारण तेव्हाचे राज्यकर्ते नुकतेच तुरुंगातून बाहेर आले होते.

पुन्हा तुरुंगात जाऊनच हे शहाणपण यावे, अशी वेळ न येवो. त्यासाठी मतदारालाही आपली मोजपट्टी तपासावी लागेल. राजापूरच्या मतदाराने चौतीस वर्षे सत्तेचा जवळचा माणूस शोधला नाही. सत्तेला प्रश्न विचारणारा शोधला, आणि त्या बदल्यात रस्ते, पूल, रेल्वे यांची वाट पाहिली. तो मतदार अशिक्षित नव्हता, भोळाही नव्हता. गावातला शिक्षक, सेवादलाचा कार्यकर्ता, परळ-लालबागचा चाकरमानी यांनी मिळून तो घडवलेला होता. पुढच्या निवडणुकीत दारात येणाऱ्या उमेदवाराला आपण दोन प्रश्न तरी विचारू शकतो: व्हिप मर्यादित करणाऱ्या दुरुस्तीला तुम्ही पाठिंबा द्याल का, आणि लोकसभा वर्षाला १२० दिवस चालावी यासाठी तुमच्या पक्षाचे सरकार असतानाही बोलाल का? उत्तर टाळणाऱ्याला मत देऊ नये. सभागृहातले प्रश्न विचारणे थांबले, ते आधी आपण सभागृहाबाहेर विचारणे थांबवले म्हणून. तेव्हा सुरुवातही आपल्यालाच करावी लागेल.